चार लिटर कमी

१

मिस्त्रीचा राग नाकावर आणि हात सोन्याचा, असं त्याच्याबद्दल सगळे म्हणत. हात सोन्याचा म्हणून गिऱ्हाईक येई आणि राग नाकावर म्हणून हाताखाली माणूस टिकत नसे. गेली पाच वर्षं तो वर्कशॉपमध्ये एकटाच राबत होता. दारं, खिडक्या, कपाटं ही पोटापाण्याची कामं. जीव मात्र स्पीकरच्या पेट्यांत. कुणी भंगारात काढलेला साधा बारा इंची स्पीकर आणायचा आणि त्याला अशी पेटी बांधायची की ऐकणाऱ्याची फासळी न् फासळी हलली पाहिजे. लोक महागाचा स्पीकर आणतात, कसल्या तरी खोक्यात ठोकतात आणि मग बेस येत नाही म्हणून रडतात. अशा लोकांचा मिस्त्रीला भयंकर राग यायचा. बेस स्पीकरमध्ये नसतोच, पेटीत असतो. आत हवा किती, हवेच्या नळीची लांबी किती, सांध्यातून वारा फुटतो की नाही, यावर सगळा खेळ, असं तो ठणकावून सांगायचा.

त्याच्या उस्तादाने त्याला एकच गोष्ट नीट शिकवली होती. पेटीची लांबी, रुंदी, खोली गुणून येतो तो आकडा खोटा. आत जे जे बसणार ते त्यातून वजा करायचं: नळी, आधाराच्या पट्ट्या, स्पीकरचं लोहचुंबक. उरेल ती खरी जागा. आणि त्या आकड्यावरही विसंबायचं नाही. पेटी उताणी ठेवायची, स्पीकरच्या भोकातून थर्माकोलचे बारीक मणी मापाने ओतत जायचं आणि काठोकाठ भरली की किती मापं गेली ते मोजायचं. नळी न् चुंबक बसायचं राहिलं असेल तर तेवढं कागदावर वजा करायचं. मिस्त्री प्रत्येक पेटीला हे करायचा. घाई असली तरी करायचा.

या वेळची पेटी त्याच्या मुलीच्या शाळेसाठी होती. चिमी नऊ वर्षांची. चार वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. दवाखान्यात आणायला उशीर झाला, असं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आणि तो उशीर कसा झाला याबद्दल घरात पुन्हा कधी कुणी बोललं नाही. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेतल्या बाई एकदा वर्कशॉपमध्ये आल्या. मुलांना लाकडी फळ्यांवर नाचवायचं आहे, म्हणाल्या, ताल कानांत जात नाही तर पायांतून जाऊ दे. तळव्यांना गुदगुल्या होतील इतका खोल बेस पाहिजे. मिस्त्री एरवी गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य पुरं होण्याआधी त्याच्यावर खेकसायचा. बाईंचं बोलणं त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी, मिस्त्रीला ती आवडो न आवडो. तो चिमीवर ओरडायचा. तिने काही केलं म्हणून नव्हे. प्लायवाल्याने ओला माल पाठवला की फोनवर त्याच्याशी भांडायचा, फोन ठेवायचा, आणि पोटात जो राग उरलेला असे तो घेऊन चिमीकडे वळायचा. शाळा सुटली की ती येऊन बसलेली असायचीच. तिच्या तोंडासमोर उभं राहून तो मनात येईल ते बोलायचा. वड्याचं तेल वांग्यावर. बायको घराच्या खिडकीतून ते ऐकायची. एकदा तिने हळूच विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "तिला कुठे ऐकू येतं? भिंतीला बोललं काय आणि तिला बोललं काय."  लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्याच्यापुढे तिच्या तोंडून कधी ब्र निघाला नव्हता.

चिमी हातवाऱ्यांनी बोले. आईची खूण गालावर बोट. स्वतःची खूण छातीवर बोट. बापाची खूण तिने स्वतःच शोधून काढली होती: भुवया आवळायच्या आणि तोंड मोठ्ठं उघडायचं. घरी येणारे जाणारे हसायचे त्या खुणेला. मिस्त्रीही हसायचा.

२

वर्कशॉपची जमीन ओलीपासून बचावासाठी फळ्यांची केलेली होती. कामाच्या टेबलाशेजारची एक फळी जरा पाय पडला की करकरायची. मिस्त्रीने ती दुरुस्त केली नव्हती, कारण चिमीला ती फार आवडायची. करकर तिला ऐकू येत नसे, पण तळव्यांना कळे. ती तिच्यावर उभी राहून उड्या मारायची. मिस्त्री रंधा मारत असायचा आणि मागे करकर, करकर चाललेली असायची.

पेटी चिकटवून, सरस वाळवून, सांध्यांना आतून सिलिकॉन भरून झालं तेव्हा त्याने मणी ओतायला घेतले. सगळं वजा जाऊन नव्वद लिटर जागा हवी होती. शहाऐंशी लिटरला पेटी भरली.

चार लिटर म्हणजे थोडंथोडकं नव्हे. अर्धा लिटर इकडेतिकडे होतो, मणी दबतात, कधी मोकळे पडतात. चार लिटर कुठे जातील? त्याने मणी उपसले आणि पुन्हा ओतले. शहाऐंशी. मग टेप घेऊन पेटी आतून मोजली. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, खोली बरोबर, गुण्या लावला तर कोपरे काटकोनात. टेप खोटी असेल म्हणून दुसरी काढली. तीही तेच म्हणाली. पेटीत हात घालून त्याने चारी कोपरे चाचपले. आत काही नव्हतं. फक्त हाताला हवा जराशी कोमट लागली, आणि सिलिकॉन वाळताना ऊब धरत असेल असं त्याने मनाशी ठरवलं.

कुठेतरी पाणी मुरत होतं आणि ते कुठे हे कळत नव्हतं, या गोष्टीनेच त्याचा तिळपापड झाला. त्याने फळ्या कापून देणाऱ्या मिलवाल्याला फोन लावला आणि त्याच्या सात पिढ्यांची उजळणी केली. मिलवाल्याने मध्येच फोन ठेवला. मिस्त्री वळला. चिमी पेटीला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, फळीवर बसली होती. त्याने उरलेलं सगळं तिला ऐकवलं. डोळ्यांसमोर राहतेस, हाताला काम सुचू देत नाहीस, कुणासाठी मरतोय मी इथे. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बोलून त्याचा जीव हलका झाला.

तो पाणी प्यायला गेला. परत आला तेव्हा चिमीने दोन्ही तळवे पेटीच्या बाजूच्या फळीवर टेकले होते. पेटीला अजून स्पीकरही बसवलेला नव्हता, तारेचा प्रश्नच नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, पेटीकडे बोट केलं आणि मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. तिला आधी वाजवून बघायचं असेल, असं मिस्त्रीला वाटलं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने स्पीकर बसवला, नळी बसवली आणि पेटी वाजवली.

जागा कमी असेल तर बेस उथळ होतो. हा काही मतांचा प्रश्न नाही, हिशेब आहे. बादली लहान तर पाणी कमी. मिस्त्रीला चार लिटरची कमतरता ऐकू येईल अशी खात्री होती आणि मिलवाल्याला पुन्हा फोन करायला तो तयारीत बसला होता. पण पेटीतून जे निघालं त्याला आवाज म्हणावं की नाही हेच त्याला कळेना. टेबलावरच्या डब्यातले खिळे एका बाजूला सरकत गेले. जमिनीवरचा भुसा ओळी धरून उभा राहिला. खिडकीच्या काचेभोवतीची जुनी पुट्टी भुरभुर खाली पडली. कानाला जवळपास काहीच नव्हतं, पोटात मात्र कुणीतरी मूठ घालून हळूहळू पिळत होतं. त्याने सेकंदाला तीस कंपनांचा हिशेब केला होता. पेटी वीसच्याही खाली जात होती. या मापाच्या पेटीला तिथे जाता येत नाही.

खुश व्हायला हवं होतं, पण मिस्त्रीला हिशेबाबाहेरची गोष्ट म्हटली की चीड यायची, मग ती फायद्याची का असेना. तो तारा तपासू लागला. तेवढ्यात त्याचं चिमीकडे लक्ष गेलं. तिने पेटीला दोन्ही हातांनी मिठी मारली होती, गाल लाकडाला लावला होता आणि ती हसत होती. तोंडातल्या तोंडात नव्हे, खळखळून, आवाज करून. पाच वर्षांत ती अशी हसली नव्हती. मिस्त्रीने तारा खाली ठेवल्या.

त्या दिवशी त्याच्या डोक्यात पक्कं बसलं की ही पेटी त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी पेटी होणार. रात्रीचं जेवणही त्याने पेटीबद्दल बोलतच संपवलं. बायकोने विचारलं की चिमी हल्ली नीट झोपत नाही, हे त्याच्या लक्षात आलंय का. त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

चार दिवसांनी त्याने स्पीकर उतरवून पुन्हा मणी ओतले. त्र्याऐंशी लिटरला पेटी भरली.

४

आत जागा कमी पडते तर पेटी वाढवायची. कुणीही पेटी बांधणारा हेच करेल, आणि मिस्त्रीने तेच केलं. कुणी दुसरा असता तर आधी विचारलं असतं की कमी का पडते. पण मिस्त्रीला प्रश्न आवडत नसत, उपाय आवडत. त्याने पेटीची पाठ कापून काढली, मागे नवी चौकट जोडली, खोली वाढवली आणि एकशेवीस लिटरचा हिशेब मांडला. मोजली तेव्हा एकशेतेरा भरली. सात लिटर गायब.

आता तो रोज मोजू लागला. पेन्सिलने भिंतीवर तारीख आणि किती कमी ते लिहून ठेवायचा. ज्या दिवशी काम शांतपणे पार पडे त्या दिवशी आकडा तोच राही. ज्या दिवशी कुणी डोकं फिरवी आणि तो चिमीसमोर तोंड सोडे, त्या दिवशी संध्याकाळी एखादा लिटर वाढलेला असे. हे त्याला दिसत होतं. दिसणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. मध्ये घसा बसला आणि आठवडाभर त्याच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा भिंतीवर सात दिवस एकाखाली एक नऊ लागले. हवामान कोरडं असेल, तो मनाशी म्हणाला. घसा सुटला त्या दिवशी प्लायवाला समोर आला, गेला, आणि संध्याकाळी भिंतीवर त्याने अकरा लिहिले.

त्याच संध्याकाळी तो पटाशीला धार लावत होता आणि त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. रोजचा कसलातरी आवाज नव्हता. मागे वळून पाहिलं तर चिमी तिच्या फळीवर उड्या मारत होती. दोन्ही पाय जोडून, दात ओठ खाऊन, जोरात. फळी करकरत नव्हती. चिमीने थांबून पायांकडे पाहिलं. मग आणखी जोरात उडी मारली, टाचा आपटल्या. फळी मुकी. ती बापाकडे बघू लागली, जणू फळी त्यानेच बिघडवली होती.

मिस्त्रीने जाऊन फळीवर पाय ठेवला. करकर.

५

शाळेतून चिठ्ठी आली. मुलांची वजनं दर तीन महिन्यांनी घेतात, बाईंनी लिहिलं होतं. मागच्या खेपेला चिमी सव्वीस किलो होती, आता पंधरा भरते. डॉक्टरला दाखवावं.

बायको चिठ्ठी हातात घेऊन बसली. डॉक्टरने तपासलं, रक्त घेतलं, जीभ बघितली, पोट दाबलं. पोरगी ठणठणीत होती. गाल तसेच भरलेले, दंडाचा घेर तोच, वर्षभर घालत असलेला फ्रॉक अंगाला तस्साच बसत होता. अकरा किलो गेलेलं मूल असं दिसत नसतं, डॉक्टर म्हणाला, शाळेचा काटा बिघडला असणार. मिस्त्रीला हे एकदम पटलं. बाहेर येऊन त्याने शाळेला, काट्याला आणि बाईंना शिव्या घातल्या.  बायको चिमीला कडेवर घेऊन चालत होती. नऊ वर्षांच्या मुलीला, अख्ख्या रस्त्याने, एका हाताने, आणि ती दमली नव्हती.

सव्वीसातून पंधरा गेले, अकरा. हा आकडा आपण कुठेतरी पाहिला आहे, असं त्याला चालताना वाटत राहिलं. वर्कशॉपचं दार उघडलं आणि समोर भिंत होती.

त्याने शेजारच्या भंगारवाल्याकडून मोठा काटा उचलून आणला, वर उभं राहायचा, घड्याळासारख्या तबकडीचा. आधी स्वतः चढला. बहात्तर, बरोबर. मग हाताला धरून चिमीला चढवलं. पंधरा.

"नीट उभी राहा," तो म्हणाला. तिने पाय जुळवले. पंधरा. त्याचं डोकं भणभणायला लागलं. ही मुद्दाम करतेय, कुठेतरी टेकून उभी आहे, अंगचोरपणा करतेय, असलं काहीबाही त्याच्या मनात आलं. वेड्यासारखं होतं, पण रागाला वेड लागायला वेळ लागत नाही. तो तिच्या तोंडासमोर वाकला आणि ओरडला, "नीट उभी राहा म्हणतो ना, कळत नाही तुला?"

त्याची नजर तबकडीवर होती. चिमी हलली नाही, डोळ्याची पापणीही नाही. काटा मात्र पंधरावरून निघाला आणि सावकाश, एकेक रेघ मागे टाकत, चौदावर येऊन थांबला.

मिस्त्रीने तोंड मिटलं. 

६

त्याने चिमीला घरी पोहोचवलं आणि दार आतून लावून घेतलं. उन्ह तिरपं झालं होतं, भरपूर उजेड होता. त्याने स्पीकर उतरवला, पेटी उताणी केली आणि मणी ओतले. बारा लिटर कमी. तो हिशेब त्याने आता भिंतीवर लिहिला नाही.

आजवर त्याने पेटी भरली की वरून हात फिरवून मणी सपाट केले होते. भरल्या पेटीत कोण कशाला बघतो. आज त्याने तसं केलं नाही. त्याने अर्धे मणी हळूच उपसून काढले, बॅटरी पेटवली आणि भोकातून डोकं आत घातलं.

मणी सगळीकडे सारखे बसले नव्हते. बाजूच्या फळीला लागून एक पोकळी होती. तिच्या कडेने मणी उभेच्या उभे राहिले होते, एकावर एक, काहीही आधार नसताना, आणि आत घसरत नव्हते. आधी त्याला ती नुसती खोबण वाटली. मग त्याला गुडघे दिसले. म्हणजे गुडघ्यांच्या जागा. पोटाशी घेतलेले. पाठ फळीला टेकलेली, चिमी बाहेरच्या बाजूने बसते त्याच जागी, फळीच्या या बाजूने. बारा लिटरची पाठ. मानेच्या जागी बटाट्याएवढा खळगा, आणि त्याच्या वर अजून काही नव्हतं.

त्याने बॅटरी वळवली. फळीवर, मण्यांत, दोन लहान तळव्यांचे ठसे आतून उमटले होते.

त्याने डोकं बाहेर काढलं तेव्हा त्याच्या केसांतून मणी गळत होते. त्याला जे वाटत होतं ती भीती नव्हती. राग होता. आयुष्यात आला नव्हता इतका राग, आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस या खोलीत एकच होता.

७

त्याने हातोडा उचलला. बायको खिडकीतून बघत असावी, कारण तेवढ्यात तिने दार ठोठावलं, त्याने कडी काढली तशी ती आत आली. वर्कशॉपमध्ये ती कधी पाऊल टाकत नसे. तिने हातोड्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या आकड्यांकडे पाहिलं. पहिला आकडा सात, शेवटचा अकरा. तिला समजावून सांगावं लागलं नाही. रोज खिडकीत उभी राहून तिनेही काहीतरी मोजलंच असणार.

"फोडलीत आणि ती सांडून गेली तर?" ती म्हणाली.

त्याने हातोडा खाली ठेवला.

मग सुरू झाले गप्पांचे दिवस, म्हणजे गप्प बसायचे. मिस्त्रीने तोंडाला कुलूप लावलं. ओला प्लाय आला, त्याने उतरवून घेतला. मिलवाल्याने फळी वाकडी कापली, त्याने रंध्याने सरळ केली. संध्याकाळी चिमीजवळ बसून तो तिचे केस विंचरायचा आणि प्रेमाने दोन शब्द बोलायचा, हळू, ओठ नीट हलवून. कौतुक केलं, गोड बोलला, माफी मागितली. काटा चौदावर तो चौदावरच. आत गेलेलं गोड बोलून बाहेर येत नव्हतं. गच्चीवर वारा असला की बायको चिमीचा हात सोडत नसे. जिन्यावरून तिचे पाय वाजत नसत. आणि मिस्त्रीच्या पोटात दाबलेला राग रोज थोडा थोडा फुगत होता. उद्या नाही तर परवा तो तोंड उघडणार आणि पुन्हा एक लिटर जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अति राग आणि भीक माग, असं त्याची आई म्हणायची. त्याला वाटायचं ती पैशांबद्दल बोलते.

शेवटी अक्कल आली ती पेटी बांधणाऱ्याचीच आली. पेटीत जागा ठरलेली असते. पेटी गच्च भरली, एक मणीही मावत नाही अशी भरली, सगळी भोकं फळी मारून बंद केली, सांधे सिलिकॉनने लिंपले, तर आत नव्याने काही शिरायचं झालं की त्याला जागा करून द्यायला आतलं बाहेर यावंच लागेल. जेवढ्यास तेवढं. प्रश्न एवढाच होता की आत काय घालायचं. त्याचंही उत्तर त्याच्याकडे होतं. त्याने दोन दिवस खपून पेटी भरली आणि बंद केली.

८

रविवारी सकाळी त्याने बायकोला आणि चिमीला वर्कशॉपमध्ये बोलावलं. चिमीला काट्यावर बसवलं आणि हातात बिस्किटाचा पुडा दिला. स्वतः पेटीला पाठ लावून, करकरणाऱ्या फळीवर उभा राहिला.

"मला बोल," तो बायकोला म्हणाला. "मनात असेल ते सगळं. मी हिला बोलायचो तसं, तोंडावर."

बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "तुम्ही फार रागावता."

काटा हलला नाही.

"असं नाही. ओरडून."

"मला ओरडता येत नाही. शिकायची वेळच कधी येऊ दिली नाहीत तुम्ही." हे बोलताना तिचा आवाज किंचित वर गेला आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. मिस्त्रीच्या पाठीमागे पेटीचं लाकूड हळूच ताणल्यासारखं झालं. त्याने तबकडीकडे पाहिलं. चौदाच्या पुढे अर्धी रेघ.

"तापाचं बोल," तो म्हणाला.

खोलीतली हवाच बदलली. बायकोने मान वर केली.

"त्या तापात मी तीनदा म्हणाले होते, दवाखान्यात नेऊ," ती म्हणाली. "तीनदा. तुम्ही ओरडलात. दोन दिवसांत उतरेल, बायकांना घाबरायला निमित्त लागतं, म्हणालात. पोर कान धरून रडत होती आणि तू पेटीला पॉलिश करत होतास. तू. पॉलिश. आणि मी गप्प बसले, तुझ्या तोंडाला भिऊन माझ्या पोरीचे कान घालवले मी."

अकरा वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं होतं. तिचा आवाज आता भिंतींना लागत होता. शब्द त्याच्या छातीवर आदळत आणि आरपार जात. कुठे जात ते त्याला पाठीला कळत होतं. लागत होतं, सगळं खरं होतं म्हणून जास्तच लागत होतं, आणि तरी त्याचे डोळे तबकडीवर खिळले होते. सोळा. एकोणीस. चिमी बिस्कीट खायची थांबली होती. आईचा असा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. बावीस. बायको त्याच्या प्रत्येक दिवसाचा हिशेब मांडत होती, तारखेसकट. पंचवीस. काटा सव्वीसवर टेकला आणि थांबला.

चिमी खाली उतरली तेव्हा तिचे पाय वाजले, धप्प. तिलाही ते कळलं. ती धावत तिच्या फळीवर आली, बापाच्या पायांशेजारी, आणि दोन्ही पाय जोडून उडी मारली. करकर. तिचा चेहरा उजळला. तिने पुन्हा मारली. करकर, करकर. मिस्त्रीच्या डोळ्यांना धार लागली. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बायकोकडे बघून तळहात उभा केला, पुरे.

बायकोचे डोळे मिटलेले होते. ती बोलतच होती, आणि शब्द अजूनही त्याच्या आरपार पेटीत जात होते.

"पुरे," तो म्हणाला. निदान त्याने तोंड तरी तसं हलवलं. त्याने एक पाऊल पुढे टाकलं, मग मागे फळीवर आला. चिमीने त्याच क्षणी उडी थांबवली होती आणि फळी गप्प होती. त्याने टाच आपटली. फळी गप्पच होती.

चिमीने दोन्ही तळवे पेटीवर टेकले. जरा वेळ तिने डोकं कलतं करून वाट पाहिली. मग ती आईकडे वळली, बापाकडे नव्हे. पेटीकडे बोट दाखवलं, भुवया आवळल्या आणि तोंड मोठ्ठं उघडलं.

आईने ते पाहिलं नाही. तिच्याकडे अकरा वर्षांचं साठलेलं होतं, आणि त्यातलं पहिलं वर्षही अजून संपलं नव्हतं.